थोरलीचे एकोणीस नकार

कंपाउंडर धाकट्या बहिणीकडे राहायला आले ते फक्त दोन महिन्यांसाठी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारताच सांगत. चाळीस वर्षं त्यांनी एकाच दवाखान्यात औषधं बांधून दिली. तेवढ्या काळात डॉक्टर तीन बदलले, पाटी दोनदा रंगवून झाली, कंपाउंडर मात्र तेच राहिले. निवृत्त झाल्यावर भाड्याच्या खोलीत बसून माणूस भिंतीकडे बघून बघून किती बघणार? बहीण म्हणाली, "ये की इकडे. मागची खोली मोकळीच पडलीय." मेहुणे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

बहिणीचं घरातलं नाव चिमी. आता ती सत्तावन्न वर्षांची, लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करणारी, खणखणीत आवाजाची बाई होती. पण तिला चिमी म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो हक्क सोडायला कंपाउंडर अजिबात तयार नव्हते.

मागची खोली मोकळी होती हे खरं. तिच्या खिडकीबाहेर तीन शेळ्या होत्या, हे मात्र चिमीने सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी खिडकी उघडली तर एक लांबोडकं काळं तोंड आत आलं आणि टेबलावरचं वर्तमानपत्र निम्मं घेऊन गेलं. कान फाटका, हनुवटीला दाढी आणि चेहऱ्यावर 'तुमचं काय ते लवकर बोला' असा भाव. ही थोरली. मागे मधली आणि धाकटी. चिमीने त्यांची बारशी एवढ्यावरच आटोपली होती.

कंपाउंडरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना प्रश्न पडला, की हिने छापलेला भागच का खाल्ला आणि कडेचा कोरा का ठेवला? त्यांचा स्वभावच तसा. दवाखान्यातही गोळ्या बांधता बांधता ते पेशंटला विचारत, "खोकला उजव्या कुशीवर जास्त येतो की डाव्या?" डॉक्टरांना त्याचा फार वैताग येई.

शेळ्यांचा वाडगा म्हणजे घरामागची बारा फूट बाय चौदा फूट जागा. चार खांब, वर पत्रा, तिन्ही बाजूंना जाळी. पश्चिमेला जाळीपलीकडे एका कारखान्याची सिमेंटची उंच भिंत. दुपारनंतर ऊन त्या भिंतीवर आपटून परत वाडग्यात येई, आणि वरून पत्रा तापलेला असेच. आत हिरवं म्हणावं असं एक पान नव्हतं.

"इथे एखादं झाड का नाही लावलंस?" त्यांनी आठवड्याभराने जेवताना विचारलं.

"लावलं ना. तीनदा लावलं. खाल्लं ना त्यांनी. तीनदा खाल्लं." चिमीने पोळी मोडली. "आणि आता लावून करायचंय काय? उन्हाळा सुरू झाला की तिघी जाणार आहेत. डेअरीवालीला शब्द देऊन ठेवलाय."

मग तिने सांगितलं. शेळ्या चार होत्या. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती लॉन्ड्रीतून आली तेव्हा चौथी, पांढरी, पाण्याच्या घमेल्याशेजारी आडवी पडलेली होती. घमेल्यातलं पाणी हात घालवणार नाही इतकं गरम होतं. "मी तिकडे लोकांचे शर्ट भाजत होते आणि ही इकडे भाजून मेली," चिमी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण तिने भाजीची वाटी उगाचच जागच्या जागी दोनदा फिरवली. "सावली काही होत नाही आणि मला ते पुन्हा बघायचं नाही. विषय संपला."

कंपाउंडरांच्या दृष्टीने विषय तिथेच सुरू झाला होता.

"त्या खात नाहीत असं झाड लाव."

"असं झाडच नसतं."

"शोधलंस का?"

चिमीने त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर निमूटपणे जेवला असता. कंपाउंडर म्हणाले, "विषारी सोडून. कण्हेर वगैरे नको. बाकी शोधून बघायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशीपासून त्यांचे प्रयोग सुरू झाले. चिमी साडेसहाला लॉन्ड्रीत जाई. बरोबर सातला, शेळ्यांना चारा घालायच्या आधी, कंपाउंडर वाडग्यात हजर. रिकाम्या पोटी दिलेलं औषध जास्त लागू पडतं, त्याच न्यायाने रिकाम्या पोटी दिलेला नकार जास्त खरा, असा त्यांचा हिशेब. आदल्या संध्याकाळी ते गल्लीत फिरून एका झाडाची डहाळी आणत. सकाळी लाल कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवत, एकदा नव्हे तर तीनदा, जसे दवाखान्यात धूत. मग एक चांगलं पान निवडत, दोन्ही बाजूंनी बोटांनी पुसून त्याची धूळ काढत आणि थोरलीपुढे धरत.

थोरलीचीच निवड का? तर तिची कीर्ती तशी होती. तिने आजवर दोरी, झाडू, एक अख्खं कॅलेंडर आणि लॉन्ड्रीतल्या गिऱ्हाइकाचा पायमोजा खाल्लेला होता. तिने नाही म्हटलं म्हणजे जगातली कुठलीही शेळी नाहीच म्हणणार.

पहिल्या दिवशी जास्वंदीचं पान. थोरली पुढे आली, हुंगली, नाकपुड्या मिटल्या आणि मान फिरवली. कंपाउंडरांनी वहीत लिहिलं, 'जास्वंद. हुंगलं. मान वळवली. नकार.' दुसऱ्या दिवशी तुती, नकार. तिसऱ्या दिवशी शेवगा, नकार. घेवडा, पुदिना, अडुळसा, पेरू, बोर, दुधी भोपळा, सगळ्यांना नकार. एकोणीस दिवस, एकोणीस झाडं, एकोणीस नकार.

पायमोजा खाणारी शेळी तुतीला नाक मुरडते, इथेच खरं तर माणसाला शंका यायला हवी. कंपाउंडरांना आली ती वेगळीच. त्यांना वाटलं, इतकी वर्षं लोक शेळ्यांची बदनामी करत आले आणि नीट तपासून कोणीच बघितलं नाही. त्या आठवड्यात ते गल्लीतून जरा छाती काढूनच चालत होते.

एका रविवारी शेळ्यांना अंगणात बांधून त्यांनी जाळीच्या आतून तिन्ही बाजूंना रोपं लावली. चिमी घरीच होती. "तुती?" तिने डोळे बारीक केले. "दादा, ही तुती खात नाही?"

"वही बघ."

शिकलेल्या भावाच्या अक्षराचा तिला शाळेपासून धाक होता. तिने दोन बादल्या पाणी आणून रोपांना घातलं, शेळ्यांना आत सोडलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. कंपाउंडर मातीचे हात धुवायला मोरीत गेले. हात धुणं म्हणजे त्यांचं काम पंधरा मिनिटांचं. ते बाहेर आले तेव्हा वाडग्यात एकोणीस काठ्या उभ्या होत्या. खरं म्हणजे सतरा काठ्या आणि एक अडुळसा. तुतीची तर काठीही शिल्लक नव्हती. धाकटीच्या तोंडातून घेवड्याचा शेंडा लोंबत होता, आणि कंपाउंडर बघत असतानाच तोही आत गेला.

चिमी खाली बसून हसली. पोट धरून, डोळे पुसून, पुन्हा वाडग्याकडे बघून पुन्हा हसली. कंपाउंडर आल्यापासून ती इतकी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांना धड चिडताही येईना. शिवाय चिडायला वेळ नव्हता.

"पण का?" ते म्हणाले. "एकोणीस दिवस ही नाही म्हणत होती. आज काय झालं?"

"तू तिला विचार."

त्यांनी शेजारच्या कुंपणावरून जास्वंदीची डहाळी तोडून आणली आणि थोरलीपुढे पान धरलं. नकार. चिमीने त्याच डहाळीचं दुसरं पान तोडून पुढे केलं. थोरलीने पान खाल्लं आणि चिमीचं मनगटही चाटलं.

मग जे सुरू झालं ते बघायला शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. कंपाउंडरांनी जागा बदलली, चिमीच्या जागी उभे राहिले. नकार. चिमीचा कामाचा झगा चढवला. नकार. डोक्याला तिचा रुमाल बांधला, आवाज बारीक करून "ये गं थोरले" म्हणाले. शेजारच्या खिडकीतून कोणी तरी खोकलं. थोरली दोन पावलं मागे गेली. मग त्यांनी काठी आणली. काठीच्या टोकाला चिमीने पान बांधलं आणि काठी कंपाउंडरांनी धरली. थोरलीने खाल्लं. त्याच काठीला कंपाउंडरांनी पान बांधलं आणि काठी चिमीने धरली. थोरलीने मान वळवली.

कंपाउंडर हळूहळू स्वतःच्या हातांकडे बघू लागले. त्यांनी हात नाकाशी नेले. त्यांना कसलाच वास येईना.

"मला तर काहीच..."

"तुला नाही यायचा," चिमी म्हणाली. "तू खोलीत आलास ना दादा, की दवाखाना चालत आल्यासारखं वाटतं. पोळीच्या डब्यालासुद्धा येतो वास. तुझ्या हाताने कोण खाणार?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

माणसाला आपल्या हाताचा वास चाळीस वर्षं कळू नये, हे कंपाउंडरांना जरा लागलं. पण त्याहून जास्त त्यांना त्याचं नवल वाटलं. किती पोरांनी त्यांच्या हातून औषध घेताना तोंड फिरवलं होतं! ते दर वेळी पोराच्या आईला सांगत, औषध कडू आहे म्हणून.

लाल साबण मोरीतून गेला. पहिले दोन दिवस साध्या साबणाने धुतलेले हात घेऊन ते अंग चोरून वावरत होते, जणू कोणी पाहिलं तर नोकरी जाईल. पाचव्या सकाळी थोरलीने त्यांच्या हातातून पेरूचं पान घेतलं. तिचे ओठ तळहाताला लागले, मऊ आणि कोमट. कंपाउंडर बराच वेळ हात तसाच पुढे धरून उभे होते. त्यांना फार बरं वाटलं, आणि एका शेळीने पान खाल्ल्यावर इतकं बरं वाटावं याची थोडी लाजही वाटली.

वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासली गेली. एकोणिसातला नकार एकच खरा निघाला, तो अडुळशाचा. ज्या अडुळशाचं खोकल्याचं औषध त्यांनी बाटल्यांच्या बाटल्या भरून दिलं, त्याला थोरली खरोखरच तोंड लावत नव्हती. मधलीने चाखून थुंकला. धाकटी, जी काहीही करू शकत होती, तिने त्याला अंग घासलं, पण खाल्ला नाही.

पश्चिमेच्या जाळीला लागून त्यांनी अडुळशाच्या फांद्या दाटीने खोचल्या. भिंतीवरून येणारी झळ अडायची सोय त्याने झाली. पण डोक्यावर तापणाऱ्या पत्र्याचं काय? अडुळसा काही छपरावर चढणार नव्हता. भरभर वाढून छप्पर झाकेल असा वेल म्हणजे दुधी भोपळा, आणि दुधीची पानं तिघींना जीव की प्राण.

"मग प्रश्न बदलायचा," कंपाउंडर म्हणाले. "काय खात नाहीत, हे सोड. कुठवर पोचतात, ते बघू."

सलग तीन दिवस ते खांबाला पाल्याची जुडी टांगत आणि रोज एकेक वीत वर सरकवत. शेळी मागच्या पायांवर उभी राहून किती लांब होते, हे ज्याने पाहिलं नाही त्याला खरं वाटायचं नाही. थोरली वयामुळे लवकर दमली. धाकटी मात्र खांबाला पुढचे पाय लावून, मान काढून, जीभ काढून साडेपाच फुटांपर्यंत गेली. कंपाउंडरांनी खडूने खूण केली आणि वर अर्धा फूट जास्तीचा धरला.

चार खांबांबाहेर, जाळीच्या पलीकडे, चार फुटक्या बादल्या बसल्या. प्रत्येकीत माती आणि वाडग्यातल्याच वाळलेल्या लेंड्या. पहिल्या खेपेला त्यांनी मुताने भिजलेला ओला पेंढाही उत्साहात घातला होता. त्याने कोंब जळले. चिमी म्हणाली, "औषधाचा डोस तुला कळतो, खताचा कळत नाही?" दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला विचारून घातलं. वेल वीतभर झाले तसे त्यांनी जुन्या नळाचे सहा-सहा फुटी तुकडे उभे केले आणि प्रत्येक वेल एकेका नळातून वर काढला. पत्र्याला लागून पानं भाजू नयेत म्हणून वर काटक्यांची मांडणी केली, पत्र्यापासून हातभर उंच. वेल नळाच्या तोंडातून बाहेर डोकावला त्या दिवशी कंपाउंडरांनी लॉन्ड्रीत फोन करून चिमीला बोलावून घ्यायला लावलं. ती घाबरून धावत फोनवर आली आणि कारण ऐकून त्यांना भरपूर बोलली.

जाळीतून आत लोंबणारे शेंडे शेळ्या खात. पण खुडलेला वेल जास्तच फुटतो, हे दोन आठवड्यांत दिसलं. छाटणीचं काम तिघींनी फुकटात पत्करलं होतं. थंडी सरली तेव्हा निम्मा पत्रा झाकला होता. ऊन चढू लागलं तेव्हा पाऊण.

आणि डेअरीवालीचा निरोप आला. उद्या गाडी घेऊन येते म्हणाली.

"परत पाठव तिला," कंपाउंडर म्हणाले.

"मी शब्द दिलाय. आणि वेल काय, तू सकाळसंध्याकाळ बघतोस म्हणून छान दिसतो. पांढरी दुपारी मेली, दादा."

"मग दुपारीच बघ. दोनला बोलाव तिला, तूही अर्धी रजा टाक. उन्हाने घाबरी झालेली शेळी रवंथ करत नाही, धापा टाकते. तिघी रवंथ करत असल्या तर राहतील."

चिमीने थोडा विचार केला. "तिघी. एक जरी धापा टाकताना दिसली तरी सगळ्या जातील. पुन्हा वाद घालायचा नाही."

"नाही घालणार," ते म्हणाले. त्या रात्री पहिल्यांदाच त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डेअरीवाली अंगाने भरदार, घामाने थबथबलेली आणि वेळेची पक्की होती. तिने गाडी अगदी वाडग्याला लावली आणि आल्याची वर्दी द्यायला एक लांबलचक हॉर्न वाजवला. त्याबरोबर तिघी उधळल्या. मधली आणि धाकटी फिरून पुन्हा सावलीत येऊन बसल्या. थोरली मात्र बिथरून वाडग्याच्या उघड्या दारातून बाहेर पळाली, अंगणातल्या उन्हात तीन फेऱ्या मारून मगच आत आली आणि पाय फाकवून उभी राहिली. तोंड उघडं, बरगड्या धपापत होत्या.

कंपाउंडरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजले. मिनिटाला अडुसष्ट.

"हॉर्नमुळे," ते म्हणाले. "चिमे, तो हॉर्न..."

"दादा, वाद घालायचा नाही ठरलंय." चिमीच्या हातात दोर होता. बाकीच्या दोघींचे जबडे संथपणे हलत होते, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"सावकाश होऊ द्या, ताई," डेअरीवाली म्हणाली. "गाडीची सीट पेटलीय नुसती. मी टेकते जरा." ती वाकून वाडग्यात शिरली, एक बादली पालथी घातली आणि वेलाखाली खांबाला पाठ लावून बसली. "अगं बाई, इथे तर गारवा आहे," असं म्हणून तिने पाय लांब केले. तिची मान कलली, आणि थोड्याच वेळात तिचं घोरणं सुरू झालं.

चिमीने दोराची गाठ केली आणि सोडली.

"ती उठेपर्यंत तरी थांब," कंपाउंडर हळू आवाजात म्हणाले. ते जाळीशी उभं राहून मोजत होते. एकसष्ट. मग बावन्न. मग एका मिनिटात त्यांची मोजदाद चुकली, कारण त्यांचा स्वतःचाच श्वास मध्ये येत होता. पुन्हा मोजलं, चव्वेचाळीस. थोरलीने तोंड मिटलं. तिने डेअरीवालीला हुंगलं, पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि तिच्या शेजारी अंग टाकलं.

"बसली म्हणजे काही नाही," चिमी कुजबुजली. "पांढरीही बसलीच असेल आधी."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग थोरलीच्या गळ्यातून एक गोळा खालून वर सरकताना स्पष्ट दिसला. तिचा जबडा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि ती चघळू लागली.

चिमीच्या हातातून दोर पडला. ती तिथेच, जाळीबाहेरच्या मातीत बसली आणि रडायला लागली. लॉन्ड्रीतल्या बायका जिला टरकून असत त्या बाईला असं रडताना बघून कंपाउंडर गडबडले. घोरणारी जागी होईल म्हणून ती तोंडावर हात दाबून रडत होती.

"अगं, जिंकलीस ना तू," ते म्हणाले.

"ही उठली की सांगते तिला, शब्द मोडला म्हणून. काय म्हणायचं ते म्हणू दे." तिने नाक पुसलं. "मला द्यायच्या नव्हत्याच रे. मागच्या उन्हाळ्यात शब्द दिला तेव्हाही नव्हत्या द्यायच्या."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू, दादा? घरात ऐकायला या तिघीच होत्या. त्यांना कसं सांगू, की तुम्हाला विकतेय आणि मला रडू येतंय?"

कंपाउंडर गुडघ्यावर हात देत तिच्या शेजारी मातीत बसले.